खाऱ्या पाण्यात नत्र पकडताना

अलिबाग-पेणच्या खारेपाटात जूनचा पाऊस आधी मीठ धुतो आणि मग भाताच्या उपयोगी पडतो. उन्हाळाभर खाडीचं खारं पाणी जमिनीतून वर चढत असतं. वरचा ओलावा उडून जातो आणि मातीवर पांढुरकी पूड धरते. पावसाने ती विरघळली की ओहोटी पाहून उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, ते पाणी बाहेर सोडायचं, पुन्हा पावसाचं पाणी साठवायचं, पुन्हा सोडायचं. गोव्यातल्या खाजनांत हेच काम मानशीतून होतं. लावणी होऊन रोपं जरा उभी राहिली, की खाचराच्या कडेला, जिथे पाणी हलत नाही तिथे, निळसर-हिरवा बुळबुळीत थर दिसू लागतो. चिमटीत धरला तर लिबलिबीत पापुद्रा हातात येतो. त्याच खाचरात लांबच लांब तंतूंचं गडद हिरवं शेवाळही असतं, पण ते निराळं. हवेतला नत्र पकडणं त्याला जमत नाही. आपलं काम पापुद्र्याशी आहे.

हा पापुद्रा म्हणजे नीलहरित शैवाल, म्हणजेच सायनोबॅक्टेरिया. नावात शैवाल असलं तरी घडणीने ते जिवाणूच. उन्हावर साखर बनवायची वनस्पतींची विद्या त्यांना येते, आणि त्यातल्या काहींना हवेतला नत्र पकडायचीही विद्या येते. एकाच जीवाला दोन्ही येणं फार दुर्मीळ आहे. भाताला वर्षानुवर्षं खत न घालताही थोडंबहुत पीक कसं येत राहतं, या जुन्या कोड्याचं उत्तर पी. के. डे यांनी १९३९ साली बंगालच्या भातखाचरांतल्या याच शैवालात शोधलं. पुढे बनारस हिंदू विद्यापीठात आर. एन. सिंह यांनी उत्तर प्रदेशातल्या ऊसर, म्हणजे खारवट-चोपण जमिनी शैवालाच्या मदतीने सुधारण्याचं काम केलं, आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने शैवालाचं जिवाणू खत शेतकऱ्यांपर्यंत नेलं. हेक्टरी हंगामाला २० ते ३० किलो नत्र, असा आकडा या खताबरोबर नेहमी सांगितला जातो. आकडा खोटा नाही, पण तो चांगल्या दिवसांचा आहे. मीठ वाढलं, पाणी आटलं किंवा उन्हाने खाचर तापलं की काय होतं, हे त्या आकड्यात येत नाही.

होतं ते असं: शैवाल सहसा मरत नाही, पण नत्र पकडणं सोडून देतं. पापुद्रा हिरवा दिसतो, वाढतोही, आणि शेतकऱ्याला वाटतं काम चालू आहे. हे नेमकं कुठे तुटतं ते समजायचं तर आधी काम किती अवघड आहे ते पाहायला हवं.

हवेत ७८ टक्के नत्रच आहे. पण त्याचे दोन अणू तीन बंधांनी एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की सहसा कोणाशीच त्यांची रासायनिक सोयरीक जमत नाही. खारेपाटाला लागूनच थळला खताचा मोठा कारखाना आहे. अशा कारखान्यांत हे बंध तोडायला ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. शेजारच्या खाचरातला जिवाणू हेच काम पावसाच्या पाण्यात, आपल्याला सोसेल अशा तापमानात करतो. त्यासाठी त्याच्याकडे नायट्रोजिनेज नावाचं एन्झाइम आहे. तापमान आणि दाब वाचले, पण ऊर्जा कुठून तरी यायलाच हवी. नत्राचा एक रेणू फोडून अमोनियाचे दोन रेणू बनवताना पेशी एटीपीचे, म्हणजे तिच्या ऊर्जेच्या चलनाचे, १६ रेणू खर्च करते. शिवाय ८ इलेक्ट्रॉन लागतात आणि त्यातले दोन नुसता हायड्रोजन बनवण्यात जातात. सजीवांत इतकी महाग रासायनिक क्रिया क्वचितच सापडेल.

दुसरी अडचण लोखंडाची. नायट्रोजिनेज दोन प्रथिनांचं बनलेलं असतं. त्यातल्या मोठ्या प्रथिनाच्या एकेका रेणूत लोखंडाचे ३० आणि मॉलिब्डेनमचे २ अणू असतात. ही धातूंची जुळणी इतकी नाजूक की ऑक्सिजन लागला की एन्झाइम कायमचं निकामी होतं. ते दुरुस्त होत नाही, नव्यानेच बनवावं लागतं. आणि नीलहरित शैवाल तर उन्हात स्वतःच ऑक्सिजन सोडतं. भर दुपारी खाचराच्या पाण्यात ऑक्सिजन हवेच्या हिशेबाने विरघळायला हवा त्याहूनही जास्त साठतो, पापुद्र्यातून बुडबुडे निघताना दिसतात. ऑक्सिजन सोडणारी आणि ऑक्सिजनने मरणारी अशा दोन यंत्रणा एका जीवात नांदायच्या कशा?

ॲनाबिना, नॉस्टॉक, ऑलोसिरा या भातखाचरांतल्या मंडळींनी यावर काढलेला तोडगा सूक्ष्मदर्शकाखाली सरळ दिसतो. काचपट्टीवर पापुद्र्याचा कण ठेवून पाहिला तर गोलसर पेशी एकीला एक चिकटून लांब तंतू झालेले दिसतात. साधारण दहा-वीस पेशींनंतर एक पेशी वेगळी असते: किंचित मोठी, फिकट, जाड भिंतीची, आणि दोन्ही टोकांना, जिथे ती शेजारणीला जोडलेली असते तिथे, चमकदार ठिपका असलेली. ही हेटरोसिस्ट. नत्र पकडायचं काम फक्त इथे होतं. तो ठिपका म्हणजे सायनोफायसिन, पकडलेला नत्र तात्पुरता साठवायचा पदार्थ.

हेटरोसिस्ट जन्मजात नसते. तंतूला अमोनिया किंवा नायट्रेट मिळत असेल तर सगळ्या पेशी सारख्याच असतात. तयार नत्र संपला की पेशीत २-ऑक्सोग्लुटारेट नावाचा पदार्थ साठू लागतो, कारण तो ज्याच्याशी जोडला जायचा तो नत्रच येत नाही. ही साठण म्हणजेच उपासमारीची खूण. ती एनटीसीए हे प्रथिन ओळखतं आणि हेटआर नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला कामाला लावतं. हेटआरचा जोर चढलेली पेशी हेटरोसिस्ट बनायला लागते आणि त्याच वेळी पॅटएस हा छोटा पेप्टाइड शेजाऱ्यांकडे पाठवून त्यांना मात्र तसं बनण्यापासून अडवते. म्हणून हेटरोसिस्ट एकमेकींना खेटून न येता ठरावीक अंतरावर येतात. सगळं बदलायला साधारण २४ तास लागतात, आणि बदल एकतर्फी असतो. हेटरोसिस्ट झालेली पेशी पुन्हा विभागत नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पर्यावरणाचा ताण आणि नत्र पकडणं यांचं नातं आपण नेहमी वैराचं मानतो. पण मुळात नत्र पकडण्याची यंत्रणा उभी राहते तीच एका ताणातून, नत्राच्या उपासमारीतून. बाकीचे ताण येतात ते आधीच उपाशी असलेल्या आणि त्यातून मार्ग काढत असलेल्या तंतूवर.

बदल होताना हेटरोसिस्ट स्वतःचा ऑक्सिजन सोडणारा भाग, म्हणजे फोटोसिस्टिम दोन, बंद करते. फोटोसिस्टिम एक चालू राहते, त्यातून उन्हावर एटीपी मिळत राहतं. भिंतीबाहेर ती दोन थर चढवते, आत ग्लायकोलिपिडचा आणि त्यावर बहुशर्करेचा, म्हणजे हवा हळूहळूच आत येईल. पूर्ण बंद करून चालत नाही, कारण नत्रही हवेतूनच यायचा आहे. जो थोडा ऑक्सिजन शिरतो तो ती श्वसनात जाळून टाकते. जाळायला साखर लागते, नत्राला द्यायचे इलेक्ट्रॉनही साखरेतूनच येतात. पण हवेतला कार्बन पकडून साखर बनवणं हेटरोसिस्टने सोडून दिलेलं असतं. म्हणून शेजारच्या साध्या पेशी तिला सुक्रोज पुरवतात, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातली तीच साखर, आणि बदल्यात ती त्यांना ग्लुटामिनच्या रूपाने नत्र देते.

म्हणजे हेटरोसिस्ट शेजाऱ्यांवर पूर्ण विसंबून असते. शेजाऱ्यांवर संकट आलं की तिची साखर आटते. साखर आटली की ऑक्सिजन जाळला जात नाही, आणि ऑक्सिजन साठला की नायट्रोजिनेज मरतं. या साखळीत एन्झाइमवर थेट घाव कुठेच नाही. मीठ, ऊन, दुष्काळ बहुतेक वेळा याच वाटेने नत्रापर्यंत पोचतात. घरात अडचण आली की आधी वरखर्च थांबतो, चूल सगळ्यात शेवटी. पेशीचा हिशेबही असाच चालतो, आणि १६ एटीपीचं काम वरखर्चात पहिल्या नंबरावर असतं.

आता मीठ. या विषयावरचं कसदार काम मुंबईतच, तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्रात झालं आहे. श्री कुमार आपटे आणि जोसेफ थॉमस यांनी १९८० च्या दशकात दोन ॲनाबिना शेजारी ठेवून तपासल्या: एक गोड्या पाण्यातली, एल-३१ या क्रमांकाची, आणि दुसरी मचूळ पाण्यातली ॲनाबिना टोरुलोसा. हवेतल्या नत्रावर वाढताना लिटरभर पाण्यात सव्वातीन ग्रॅमच्या आसपास मीठ असलं की पहिलीची निम्मी संख्या मरते. दुसरी जवळपास दहा ग्रॅमपर्यंत टिकते. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे टोरुलोसाही काही समुद्रात राहणारी नव्हे. फरक का, तर गोड्या पाण्यातली पेशी तिच्यापेक्षा तिप्पट सोडियम आत येऊ देते. जी दारातच अडवते ती वाचते. आत घेऊन मग बाहेर फेकत बसणं परवडत नाही, कारण बाहेर फेकण्यालाही ऊर्जा लागते आणि ती नत्राच्या वाट्यातून जाते.

गंमत म्हणजे सोडियम मुळीच नसेल तरीही काम अडतं. याच दोघांनी आधी दाखवलं होतं की पाण्यातून सोडियम पूर्ण काढून टाकलं तर नायट्रोजिनेजचं काम खालावतं, थोडं परत दिलं की सावरतं. मीठ हवं ते चवीपुरतं.

खारं पाणी शिरल्यावर पेशीत काय काय होतं त्याचा क्रम पाहू. पहिल्या क्षणी पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि ती आक्रसते. मग सोडियम आत येतं, कारण पेशीच्या आतली बाजू ऋणभारित असते आणि धनभारित सोडियम तिकडे ओढलं जातं. पेशी पोटॅशियम धरून ठेवायची आणि सोडियम बाहेर ढकलायची खटपट करते. त्यानंतरच्या तासांत ती आत एखादा निरुपद्रवी विरघळणारा पदार्थ साठवू लागते, म्हणजे बाहेर पाणी ओढलं जाणार नाही. खूप खारं सोसणारे सायनोबॅक्टेरिया यासाठी ग्लायसिन बीटेन वापरतात, मध्यम सोसणारे ग्लुकोसिलग्लिसरॉल. ॲनाबिनासारखे गोड्या पाण्याकडचे काय साठवतात? सुक्रोज.

तीच साखर, जी हेटरोसिस्टला द्यायची होती. मिठाच्या वेळी तिच्यावर दोन हक्कदार उभे राहतात, आणि साधी पेशी आधी स्वतःचं पाणी वाचवते. त्यात भर म्हणजे साखर बनवण्याचा वेगही घटलेला असतो. उन्हाने फोटोसिस्टिम दोनचं एक प्रथिन सतत झिजत असतं आणि पेशी ते सतत नवं बसवत असते. खारेपणा ही दुरुस्ती मंदावतो. साठा वाढवायचा आणि उत्पन्न घटलेलं, अशा पेचात हेटरोसिस्टच्या वाट्याला काय उरणार! तंतूत नव्या हेटरोसिस्ट कमी बनू लागतात, आणि बनायला लागलेल्या काही अर्ध्यातच थांबतात.

आपटे आणि थॉमस यांच्या प्रयोगांतलं मला सगळ्यात बोलकं वाटतं ते पुढचं. पाण्यात नायट्रेट किंवा अमोनिया घातला तर दोन्ही ॲनाबिनांत सोडियम आत येणं घटलं आणि दोन्ही जास्त मीठ सोसू लागल्या, गोड्या पाण्यातलीसुद्धा. पाणी अल्कधर्मी केलं किंवा पोटॅशियम वाढवलं तरी हाच परिणाम. या सगळ्या उपायांनी पेशीच्या आवरणावरचा विद्युतभाराचा फरक कमी होतो आणि सोडियमला आत ओढणारा जोरच सैल पडतो. भातखाचरात भर दुपारी शैवाल आणि इतर पाणवनस्पती पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात तेव्हा पाण्याचा सामू वाढून ९ च्या पुढेही जातो. त्या वेळी तिथल्या शैवालाला मिठाचा त्रास थोडा कमी होत असला पाहिजे, असं या निष्कर्षावरून म्हणता येतं.

पण नायट्रेट-अमोनियाने मीठ सोसवतं यात मोठी मेख आहे. तयार नत्र मिळाला की हेटरोसिस्ट बनतच नाहीत. म्हणजे खारवट खाचरात युरिया घातला तर शैवाल वाचतं आणि निरुपयोगी होतं. पापुद्रा दाट, हिरवागार, आणि हवेतून काही आणत नाही. उलट घातलेल्या युरियातलाच काही भाग स्वतःकडे ओढतो. शैवाल जगलं की नाही एवढंच पाहून जिवाणू खताच्या यशाचा निवाडा करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं.

नत्र पकडला जातो आहे की नाही हे मग ओळखायचं कसं? नायट्रोजिनेजला तीन बंधांचा दुसरा एक रेणूही चालतो: ॲसिटिलीन. वेल्डिंगवाल्याकडे असतो तोच वायू, आणि कोकणात कॅल्शियम कार्बाइडच्या पुड्या ठेवून आंबे पिकवण्याचा जो गैरप्रकार चालतो त्यात निघतो तोही तोच. बंद बाटलीत शैवाल आणि थोडं ॲसिटिलीन ठेवलं की नायट्रोजिनेज त्याचं इथिलीन करतं. तासाभराने बाटलीतल्या हवेचा नमुना सुईने काढून गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये सोडायचा आणि इथिलीन किती झालं ते वाचायचं. १९६० च्या दशकात ही पद्धत सापडली आणि तिने हा सगळा विषयच सोपा करून टाकला, कारण नत्र मोजणं किचकट आणि इथिलीन मोजणं सोपं. मीठ घातलेल्या बाटलीत इथिलीनची रेघ खाली बसते तेव्हा शैवालाच्या रंगात अजून काहीच फरक पडलेला नसतो.

दुष्काळाची गोष्ट मिठाहून वेगळी, कारण तिथे पेशी झुंजत नाही, सगळंच बंद करून बसते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कातळसड्यांवर पहिल्या पावसानंतर हिरवट-तपकिरी, लिबलिबीत गोळे आणि पापुद्रे दिसतात, पाय घसरतो तो त्यांच्यावरच. तो नॉस्टॉक. ऑक्टोबरच्या उन्हात तो वाळून काळा, कुरकुरीत कागद होतो आणि पुढचे सात-आठ महिने तसाच पडून राहतो. अशा अवस्थेत नॉस्टॉक किती टिकतो याचं एक उदाहरण थक्क करणारं आहे. १९४१ साली लिपमन या संशोधकाने वनस्पतिसंग्रहात वाळवून ठेवलेला ८७ वर्षांपूर्वीचा नॉस्टॉक कम्यून पाणी देऊन पुन्हा जिवंत केला. पेशीभोवतीची बहुशर्करेची जाड जेली पाणी हळूहळू सोडते, आत ट्रेहॅलोज ही साखर प्रथिनांना आणि आवरणांना आधार देते, आणि स्कायटोनेमिन हे तपकिरी रंगद्रव्य अतिनील किरण अडवतं. पावसाळ्यानंतर जुन्या भिंतींवर, कठड्यांवर राहणाऱ्या काळपट ओघळांत बऱ्याचदा याच रंगद्रव्याचा वाटा असतो. ती घाण म्हणून घासून काढायला हरकत नाही, पण ती निर्जीव नाही.

पाणी मिळाल्यावर वाळलेला नॉस्टॉक कोणत्या क्रमाने जागा होतो ते पाहिलं की खर्चाचा हिशेब उलट्या बाजूने दिसतो. श्वसन तासाभरात सुरू होतं. प्रकाशसंश्लेषणाला काही तास लागतात. नत्र पकडणं मात्र दीर्घकाळ वाळलेल्या नमुन्यांवरच्या प्रयोगात पूर्वपदावर यायला पाच-सहा दिवस लागले. यामागचं कारण वरच्या साखळीतच आहे: आधी साखर हवी, मग ऑक्सिजन जाळायची सोय हवी, वाळण्यात मोडलेलं नायट्रोजिनेज नव्याने बनायला हवं, आणि जुन्या हेटरोसिस्ट गेल्या असतील तर नव्या घडायला हव्यात. सड्यावरच्या पावसात दर आठवड्याला उघडीप पडत गेली, तर नॉस्टॉक दर वेळी जगेल, हिरवा होईल, पण नत्राच्या पायरीपर्यंत फारसा पोचणारच नाही. हंगामात पाऊस एकूण किती पडला यापेक्षा तो सलग किती दिवस राहिला, हे नत्राच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं ठरतं.

उष्णतेचं थोडक्यात सांगतो. भातखाचरातल्या बहुतेक जातींना ३० ते ३५ अंश मानवतं. त्याच्या बऱ्याच वर गेलं की पेशीतली प्रथिनं घडी मोडून एकमेकांना चिकटू लागतात. ती घडी सावरायला पेशीकडे ग्रो-ईएलसारखी मदतनीस प्रथिनं असतात, आणि याही विषयात तुर्भ्याच्या प्रयोगशाळेने काम केलं आहे. ॲनाबिनात ग्रो-ईएल आणि त्याच्या जोडीदाराचं प्रमाण जनुकीय बदलाने वाढवलं तर ती उष्णता आणि खारेपणा दोन्ही अधिक सोसते. दोन्ही ताणांना एकच औषध लागू पडतं यावरून दोन्हींत मोडणारी गोष्ट बरीचशी एकच आहे असं दिसतं. हेटरोसिस्टच्या भिंतीतल्या ग्लायकोलिपिडांचं आपसातलं प्रमाणही तापमानाप्रमाणे बदलतं. गरम पाण्यात वायू वेगाने पसरतात, भिंत तशीच राहिली तर ऑक्सिजन जास्त शिरेल. गरम पाण्याच्या झऱ्यांत राहणाऱ्या काही जाती साधारण ६० अंशांपर्यंत हेटरोसिस्ट सांभाळतात. त्यावर हा बंदोबस्त कोणालाच पेलत नाही.

समुद्रात हिशेब पुन्हा बदलतो. फेब्रुवारी ते मे या शांत महिन्यांत गोवा आणि कोकणच्या किनाऱ्याजवळ पाण्यावर करडे-तपकिरी पट्टे तरंगताना दिसतात. तो बहुतेक वेळा ट्रायकोडेस्मियम हा समुद्रातला सायनोबॅक्टेरिया असतो, आणि दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी त्याच्या अशा वाढीच्या नोंदी केलेल्या आहेत. त्याला हेटरोसिस्ट नाहीत, तरी तो दिवसाढवळ्या नत्र पकडतो. त्याला मीठ सोसतंच. जगातल्या बऱ्याच खुल्या समुद्रांत त्याला अडवतं ते लोखंड आणि स्फुरद. नायट्रोजिनेजला लोखंड किती लागतं ते वर आलंच आहे. लोखंड कमी पडलं की इथेही आधी नत्राचं काम आखडतं. अरबी समुद्राला मात्र आजूबाजूच्या वाळवंटांवरून येणाऱ्या धुळीतून लोखंड मिळत राहतं.

परत खाचरात येऊ. शैवाल खताची रीत अशी की लावणीनंतर आठवडा-दहा दिवसांनी हेक्टरी १० किलो कोरडं शैवाल साचलेल्या पाण्यावर फेकायचं आणि पुढे काही दिवस पाणी हटू द्यायचं नाही. वर सांगितलेलं सगळं लक्षात घेतलं की या आणि सोबतच्या साध्या सूचनांतली प्रत्येक गोष्ट कशासाठी आहे ते उमगतं. पाणी हटू द्यायचं नाही, कारण वाळलं की नत्राची पायरी पुन्हा पहिल्यापासून चढावी लागते. स्फुरद द्यायचा, कारण एटीपीत तोच असतो, आणि कोकणच्या जांभ्या मातीत लोखंड-ॲल्युमिनियम त्याला बांधून ठेवतात. जांभी माती आम्लधर्मी असते आणि नीलहरित शैवालाला आम्ल मानवत नाही. त्या दृष्टीने खारेपाटाची जमीन उलट सोयीची. युरियाची मात्रा एकदम न देता विभागून द्यायची, म्हणजे तयार नत्राने हेटरोसिस्ट बनणं थांबणार नाही. आणि खारेपाटापुरती माझी एक पुस्ती: गोड्या पाण्यातली जात आणून टाकण्यात अर्थ नाही, तिथल्याच मचूळ पाण्यातली जात वाढवावी. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने भाताच्या बाबतीत हेच केलं, मिठात टिकणारी वाणं निवडली. शैवालाच्या बाबतीत ते तितकंसं मनावर घेतलं गेलं नाही.

तसं करून पाहिलं तेव्हा काय झालं हेही आपटे आणि थॉमस यांनीच १९९७ साली मांडलं. ॲनाबिना टोरुलोसा मध्यम खारवट जमिनीत वाढली, तिने चांगला नत्र पकडला आणि मातीतला नत्र वाढला. उन्हाळ्यात क्षार शिगेला पोचतात तेव्हा मात्र ती टिकली नाही. वाढताना ती आजूबाजूचं सोडियमही धरून ठेवते, म्हणून शैवालाने जमीन गोडी करता येईल का हा प्रश्न त्यांनी तपासला. उत्तर अर्धंच होकारार्थी आलं. शैवाल जिवंत आहे तोवर सोडियम त्याच्यापाशी अडकून राहतं, मेलं आणि कुजलं की ते पुन्हा मातीत उतरतं. तेव्हा जमीन कायमची सुधारायचं काम पावसावर आणि उघाडीवरच सोडायचं, आणि शैवाल पीक उभं असतानाच सोबत वाढवायचं: तेवढे तीन-चार महिने मुळांजवळचं मीठ थोडं कमी, आणि नत्र थोडा जास्त.